वस्तू परत केली आणि कार्डाचे पॉइंट उणे झाले

प्रश्न: दुकानाच्या क्रेडिट कार्डावर घेतलेली वस्तू परत केली. पैसे जमा झाले, पण पॉइंटची शिल्लक उणे दिसते. असं का?

उत्तर १: त्या खरेदीचे पॉइंट परताव्यासोबत मागे घेतले जातात. ते आधीच वापरले असतील तर शिल्लक उणे जाते, पुढच्या खरेदीतून भरून निघते.

उत्तर २: पॉइंटची खरी किंमतही काढून बघा. १०० च्या खरेदीला २ पॉइंट, एका पॉइंटला ०.२५ सूट, म्हणजे फायदा जेमतेम अर्धा टक्का. बिल थकलं आणि महिन्याला ३ टक्के व्याज लागलं, तर सहापट गेलं! किमान रक्कम भरून व्याज थांबत नाही.

प्रश्नकर्ता: परताव्याची रक्कम बिलात भरणा म्हणून धरतात का?

उत्तर १: धरतीलच असं नाही. देय तारखेआधी वेगळा भरणा कराच.