मदत हवी आहे: जुन्या ओव्हनचे खालचे रॉड तापत नाहीत

दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते. १२०० वॅटचा जुना ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. वरचे दोन रॉड लाल होतात, खालचे दोन्ही गार. नानकटाई वरून करपते, बुडाशी कच्चीच. पत्र्याला हात लागला की झिणझिण्याही येतात. वायरमन म्हणतात, रॉड जोडून देतो. चालेल का?

प्रतिसाद १
ताई, जोडू देऊ नका. रॉडच्या नळीत निक्रोमची तापणारी तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून बसवलेली असते. जोडण्यासाठी नळी कापली की भुकटी सांडते, तार नळीला टेकते आणि ओव्हनच्या अंगात करंट उतरतो.

दोन्ही रॉड एकदम गेले असतील असंही नाही. बऱ्याच ओटीजीत खालची जोडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली असते. एक तुटला की दुसराही गार. प्लग काढून बाजूचा पत्रा उघडा, प्रत्येक रॉडच्या एका टोकाची वायर सोडवा आणि मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवून मोजा. जोडी ६०० वॅटची असेल तर चांगला रॉड ४४ ओहमच्या आसपास दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. दोन्ही चांगले निघाले तर वरचे-खालचे रॉड निवडायचा सिलेक्टर स्विच तपासा.

प्रतिसाद २
झिणझिण्या आधी बघा भाऊ-ताईंनो, रॉड नंतर. पावसाळ्यात ती भुकटी सर्द होते आणि करंट गळतो, पण अर्थिंग धड असेल तर तो हाताला लागत नाही. म्हणजे अर्थिंग कुठेतरी तुटलेलं असणार. अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून काम भागवू नका. डीपीकडून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडून) येणारा न्यूट्रल तुटला तर अख्ख्या पत्र्यावर फेज येतो. नवं अर्थिंग करा, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

धागाकर्ती
डावा ४३, उजवा काहीच नाही. उजव्याचा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची पकड) काळा पडलाय.

प्रतिसाद १
मग फक्त उजवा बदला. अमरावतीला जाताना जुना रॉड सोबत न्या. लांबी आणि टोकं जुळली पाहिजेत. दुकानदाराला नुसतं '३०० वॅट' सांगू नका. तो एकट्याने २३० व्होल्टवर चालणारा देईल, म्हणजे १७६ ओहमचा. सिरीजमध्ये तो जेमतेम १९० वॅट तापेल आणि डावा ५० सुद्धा नाही. दुकानातच मोजून ४४ ओहमचाच घ्या.

थिंबल नवा दाबून बसवा, वायर फायबरग्लासच्या आवरणाची. डाग (सोल्डर) देऊ नका, वितळतो. काळी टेपही नको. अर्थिंग झाल्यावर खिडकी उघडी ठेवून ओव्हन २० मिनिटं रिकामा तापवा. सुरुवातीला थोडा धूर येईल.