चप्पल घालून वायर धरा म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचा

वायरमन_३१वर्षं
काल साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या एका पोरानं इथं विचारलं, किचनचा नळ टपकतोय, हॉलचा पंखा पाचवर ठेवला तरी रांगतोय, प्लंबर नुसतं बघायचे दोनशे आणि कामाचे अडीचशे वेगळे म्हणतोय, तर हे घरच्या घरी कसं करायचं? साधा प्रश्न. त्याखाली तुम्ही मंडळींनी जी उत्तरं दिलीत, ती वाचून माझी झोप उडाली. एकानं लिहिलंय, "रबरी चप्पल घाला, एकाच हातानं काम करा, काही होत नाही." त्याला ३४ बदाम. दुसरा म्हणतो, "मेन पाडा की झालं, वायरमन कशाला?"

मेन पाडलात. घरात इन्व्हर्टर आहे. मेन पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, तो लगेच बॅटरीवरून सप्लाय सोडतो. आणि इन्व्हर्टरवर आपण काय जोडलेलं असतं? पंखे आणि दिवे. म्हणजे स्टुलावर चढून ज्याला हात घालणार, नेमका तोच जिवंत. बटण तर बंद आहे म्हणाल. जुन्या घरांत कितीदा बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरमध्ये टाकलेलं सापडतं मला. बटण बंद, पंखा बंद, फेज, म्हणजे जिवंत वायर, मात्र वर पंख्याच्या कपापर्यंत येऊन बसलेला. टेस्टर लावल्याशिवाय कळत नाही.

आणि "आमच्याकडं एमसीबी आहे" हे तर मला रोज ऐकावं लागतं. अहो, १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असते, तुम्ही वाचावं म्हणून नाही. तुमच्या अंगातून अर्धा अँपिअर गेला तर तिला पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, करंट बाहेर गळला की सप्लाय तोडणारी. किती जणांच्या घरी आहे? खरं सांगा.

कायदाही सांगतो. १९५६ च्या विद्युत नियमांतला ४५ वा नियम. लायसन्सवाल्या ठेकेदाराशिवाय वायरिंगचं काम करता येत नाही. विषय संपला.

स्वतःचं_स्वतः
"मेन पाडा" म्हणणारा मीच. इन्व्हर्टर माझ्या डोक्यात नव्हता. एक मार्क तुम्हाला.

आता बाकीचे नव्याण्णव. कायदा काढलात तर अख्खा काढा. त्याच ४५ व्या नियमात सवलत दिलेली आहे: दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं नुसती बदलायची असतील, जोडणीची क्षमता नि स्वरूप बदलत नसेल, तर ठेकेदाराची अट नाही. पुढं २०१० ला त्या नियमांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, त्यांतही ही सवलत राहिली. तेवढी ओळ तुम्ही गिळलीत.

गिळणारच. पंखा रांगतो तो बहुतेक वेळा कंडेन्सर गेल्यामुळं. २.५ मायक्रोफॅरडचा, साठ रुपयांना मिळतो. तुमच्यातल्याच एकानं माझ्या वडिलांना "मोटर जळलीय, रिवाइंडिंग करावं लागेल" म्हणून साडेसातशे घेतले. दिवाळीला पंखा पुसायला चढलो तेव्हा कपात बघितलं. मोटर हललेलीसुद्धा नव्हती. नवा कंडेन्सर बसवलेला आणि जुना शेजारीच टेपानं गुंडाळून ठेवलेला. निदान पुरावा तरी खिशात घालून न्यायचा!

आणि बोलवायचं तरी कुणाला? सोमवारी "आलोच, गोडोलीत आहे". बुधवारीही गोडोलीतच. घरातलं एक माणूस रजा टाकून दाराकडं बघत बसतं.

वायरमन_३१वर्षं
सवलत आहे. नाही कुठं म्हणालो? पण नियम लिहिणाऱ्यांनी त्यात चप्पल लिहिलेली नाही.

गोडोली_नाका
दोनशे रुपये व्हिजिटचे जास्त वाटतात होय? डॉक्टर नाडी बघायचे पाचशे घेतो, तिथं कुणी तोंड उघडत नाही. माणूस पेट्रोल जाळून येतो, गाडी लावायला जागा नसते, तीन जिने चढतो, तिथं नुसती रेग्युलेटरची कळ सैल निघते. मग त्यानं फुकट जायचं का?

स्वतःचं_स्वतः
हा डॉक्टर येणारच होता, मी चहा घेऊन वाट बघत होतो. डॉक्टर दवाखान्यात सापडतो तरी, राव.

विश्रामबाग
सांगलीतून लिहितोय. मी इंजिनिअर आहे, मेकॅनिकल. आधीच सांगतो, म्हणजे टोमणे मारायला सोपं जाईल.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमचं जुनं घर गावभागात, तळमजल्यावर छातीएवढं पाणी. ते ओसरलं तेव्हा बोर्डांत गाळ. वायरमन मिळणं शक्य नव्हतं, सगळ्या गावाला एकाच वेळी पाहिजे होते. मी बोर्ड उघडले, ब्रशनं धुतले, आठ दिवस उन्हात ठेवले, वर बायकोचा हेअर ड्रायर मारला. मेन चढवला. सगळं चालू. स्वतःवर इतका खूश होतो की शेजारच्यांचे दोन बोर्डही करून दिले.

चौथ्या दिवशी आई अनवाणी, ओल्या फरशीवर. फ्रिज उघडायला हात लावला आणि हात सुटेना. ओरडलीही नाही, नुसता घुं असा आवाज. शेजारच्या पोरानं देवापुढचा लाकडी पाट उचलून तिचा हात ढकलला. वाचली. तळहाताला अजून डाग आहे.

नंतर वायरमननं भिंतीतल्या पाइपातून वायर ओढली, तिच्याबरोबर काळा गाळ आला. आत तीन ठिकाणी टेपाचे सांधे. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली आणि मागं कशालाच जोडलेली नाही. नुसती शोभेला. मी बोर्ड धुतला होता, पाइपाच्या आत काय आहे ते मला दिसलंच नव्हतं.

२०२१ ला परत पाणी आलं. बोर्डाला हात लावला नाही.

स्वतःचं_स्वतः
आईंचं वाचून अंगावर काटा आला. पण पूर वेगळा, साठ रुपयांचा कंडेन्सर वेगळा. उद्या म्हणाल बल्ब बदलायलाही वायरमन बोलवा.

विश्रामबाग
मी असं म्हणालो नाही. मला सगळं येतं असं मला वाटलं होतं, एवढंच लिहिलंय.

पुण्यात_अडकलेला_सातारकर
विजेचं सोडा, मी नळानं मार खाल्लाय. वाईच्या घरी जुनी जीआयची, म्हणजे लोखंडी, पाइपलाइन. तोटी बदलायची म्हणून पाना लावला, फिरेना, पान्याच्या दांड्यावर आणखी एक पाइप घालून जोर दिला. तोटी फिरली, पण भिंतीच्या आतला जोडाचा तुकडा, निप्पल, घेऊनच. कारंजं. टाकीचा व्हॉल्व्ह गंजून जाम. टाकी रिकामी होईपर्यंत मी त्या भोकात अंगठा घालून उभा, बायको बादल्या बदलतेय. मग दोन टाइल फोडाव्या लागल्या, त्या डिझाइनच्या आता मिळत नाहीत. निळ्या समुद्री शिंपल्यांच्या मधोमध आमच्याकडं द्राक्षांचा घड आहे. पाहुणे विचारतात.

सदरबझार_काकू
मी ६१ वर्षांची. आम्ही मूळचे अपशिंगे मिलिटरीचे, हे फौजेत, वर्षातले दोन महिने घरी. १९८९ साली फ्यूज उडाला तर कुणाला बोलावणार होते? किटकॅट, म्हणजे फ्यूजची चिनी मातीची खुंटी, काढायची, तार बांधायची. जाड तार बांधली की फ्यूज उडत नाही आणि मग वायरच तापते, हे मला कुणी शिकवलं नाही. बोर्ड काळा पडला तेव्हा कळलं. त्यामुळं वायरमनदादा, तुमचं बोलणं मला पटतं. पण तुमच्यासारखे लोक धाक घालतात, शिकवत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आणि दुसरी तक्रार हार्डवेअरच्या दुकानाची. गेल्या महिन्यात नळाचा वायसर आणायला गेले. जुना रुमालात बांधून नेला होता, मापाला. दुकानदार वायसरकडं बघेनाच. म्हणाला, "काका नाहीत का घरी? त्यांना पाठवा, तुम्हाला नाही कळायचं." म्हटलं, काका भिंतीवर आहेत, फोटो काढून आणू का?

गोडोली_नाका
काकू, काळजीपोटी म्हणाला असेल ओ. आपल्याकडं बायामाणसांना मान देतात, तुम्हाला हेलपाटा पडू नये म्हणून.

दोन_पाळ्या
मान! ऐका आमच्याकडचा मान. बाथरूममध्ये गळती. प्लंबर आला, मी दाखवतेय पाणी कुठून येतंय ते. नवरा चेन्नईला, व्हिडिओ कॉलवर. प्लंबर मला म्हणतो, "ताई, साहेबांकडं द्या." साहेबांना आमच्या घरात अँगल कॉक किती आहेत हेही माहीत नाही. साहेबांनी मला विचारलं, मी सांगितलं, साहेबांनी तेच फोनवरून म्हटलं, आणि प्लंबर फोनकडं बघून, "बरोबर आहे साहेब."

सदरबझार_काकू
ह्याच्यावर आणखी काय लिहू मी.

मिरजमार्गे
दुकानदार पुरुषांनाही सोडत नाहीत हो. मला विचारलं अर्धा इंची की पाऊण? मला माहीत नव्हतं. काउंटरवरचे चौघे हसले. परत त्या दुकानात गेलो नाही. हा बाईमाणसाचा प्रश्नच नाही, अडाण्याचा आहे.

दोन_पाळ्या
हसले. पण "जा, बायकोला पाठवा" म्हणाले का?

मिरजमार्गे
नाही म्हणाले.

गोडोली_नाका
विषय नळाचा होता. कुठून कुठं नेलात. उगाच सगळ्यात स्त्री-पुरुष घुसडायचं. माझ्या बायकोला पान्याला हात लावायला मी अडवलंय काय? तिलाच नको असतं.

दोन_पाळ्या
विचारलंत कधी? की तुम्हीच ठरवलंत, त्या डॉक्टरच्या नाडीसारखं?

गोडोली_नाका
माझ्या घरात येऊ नका. सांगून ठेवतो.

स्वतःचं_स्वतः
नाकाभाऊ, शांत. तुम्ही परवा गॅसच्या नळीवरच्या धाग्यातही असंच केलंत. तिथं एका ताईनं सुरक्षा होजची मुदत पाच वर्षं असते, तारीख नळीवरच छापलेली असते म्हणून लिहिलं, तर तुम्ही तिला "गॅसवाल्याला विचारा" म्हणालात. घरी जाऊन बघितलीत का तारीख?

गोडोली_नाका
बघितली. संपलेली होती. बदलली. झालं समाधान?

वायरमन_३१वर्षं
काकू, दुकानदाराचं जाऊ द्या, ही खोड आमच्या पोरांनाही आहे. मलाही असेल. घरात बाई एकटी दिसली की "साहेब कधी येतात" हे तोंडातून जातंच. माझी मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतेय. पहिल्या वर्षाला मी तिलाच म्हणालो होतो, वर चढायची कामं नको घेऊस. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. धाक घालतो म्हणालात, ते मात्र निम्मंच मान्य. भीती असलेली बरी, ३१ वर्षांनीसुद्धा मी फेज तपासूनच हात लावतो. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का ते बघायचं. मगच त्याच्या अंधारावर विश्वास ठेवायचा.

शाहूपुरीचा_भाडेकरू
नमस्कार. मूळ प्रश्न विचारणारा मी. सकाळपासून सगळं वाचतोय, मजा आली. नळ अजून टपकतोय. खाली पातेलं ठेवलंय, दोन तासांत भरतं. घरमालक म्हणतात वापरतोस तू, दुरुस्त कर तू. कुणी सांगेल का?

सदरबझार_काकू
सांगते बाळा. सिंकच्या खाली भिंतीला छोटा व्हॉल्व्ह असतो, तो अँगल कॉक. तो बंद कर. फिरत नसेल तर जबरदस्ती करू नकोस (वरचा द्राक्षांचा घड आठव), टाकीकडून पाणी बंद कर. नळ सोडून आतलं पाणी जाऊ दे. आता महत्त्वाचं: सिंकच्या जाळीवर फडकं टाक, नाहीतर स्क्रू थेट गटारात. नळाच्या मुठीवर टोपी असते, ती नखानं उचकट, खाली स्क्रू. मूठ निघाली की तिच्या खालच्या दांडीला, स्पिंडलला, पाना लाव, मध्ये कापड धर म्हणजे पॉलिशला चरे पडत नाहीत. डावीकडं फिरव. स्पिंडलच्या टोकाला काळा रबरी वायसर दिसेल, मधे गोल खड्डा पडलेला. तोच दुखणं. दुकानात जुना घेऊन जा, माप तोंडी सांगू नकोस.

तुझा नळ अर्ध्या फेऱ्यातच बंद होणारा असेल तर आत वायसर नसतो, सबंध कार्ट्रिज असते. बोअरचं पाणी असलं तर तिच्यावर पांढरा थर बसतो. तीही जुनी दाखवूनच आण. आणि वायसर बदलूनही टपकलं तर आत बोट फिरवून बघ, जिथं वायसर टेकतो ती पितळी कडा वाळूनं कातरलेली असते. मग नळच नवा. टेफ्लॉन टेप गुंडाळशील तेव्हा आट्याच्या दिशेनं, उलटी गुंडाळलीस तर कसताना गोळा होऊन बाहेर येते. तीन वेळा केल्यावर कळलं मला हे.

शाहूपुरीचा_भाडेकरू
काकू, अर्ध्या फेऱ्याचाच आहे. संध्याकाळी उघडतो. आणि पंखा?

स्वतःचं_स्वतः
मेन पाड, इन्व्हर्टर बंद कर, त्याचा प्लगही काढ, टेस्टर लाव, आणि

वायरमन_३१वर्षं
थांब. घर भाड्याचं, वायरिंग कुणी केलंय तुला माहीत नाही, स्टूलही असेल प्लास्टिकचं. हात लावू नकोस. रविवारी सकाळी मी येतो, कंडेन्सर घेऊन. समोर उभा राहा, बघून शिक, पुढच्या वेळी तूच कर. व्हिजिटचे दोनशे मात्र घेणार, ते सोडत नाही.

स्वतःचं_स्वतः
सकाळी म्हणजे किती वाजता, ते आत्ताच लिहून घे त्यांच्याकडून.

वायरमन_३१वर्षं
साडेनऊ.

स्वतःचं_स्वतः
स्क्रीनशॉट काढलाय.