पवनारचा इतिहास लिहिताना सुरुवात कुठून करावी?

धामकाठ (प्रश्न)
वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की सुमारे आठ किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार लागते. शहर वाढत वाढत गावाच्या शिवेकडे सरकत आहे आणि नव्या वस्त्यांत राहायला आलेली मंडळी पवनारला वर्ध्याचे उपनगर म्हणू लागली आहेत. गावच्या वाचनालयासाठी आम्ही काही जणी मिळून गावाचा लहानसा इतिहास लिहायला घेतला आहे. अडचण अशी, की कोणालाही विचारले तरी बोलणे विनोबांपासून सुरू होते आणि तिथेच थांबते. विनोबांविषयी आम्हालाही तितकाच आदर आहे. पण शेतकरी, मासेमारी करणारे ढिवर, मजूर, बाजारहाट आणि नदी यांचा मिळून जो गाव आहे, तो या लेखनात कसा आणावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ताम्रपट
ताई, पहिल्याच पानावर एक गोष्ट अवश्य लिहा. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, त्याचे मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, आणि 1866 मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आजचे वर्धा शहर वसवण्यात आले. पवनारची वस्ती त्याहून कितीतरी शतकांनी जुनी आहे, तेव्हा उपनगर म्हणणाऱ्यांना हा क्रम ठाऊक असलेला बरा.

पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, राजधानी हलवून प्रवरपूर वसवले. अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेला त्याचा ताम्रपट प्रवरपुराहूनच दिलेला आहे. हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि येथे मिळालेल्या शिल्पांत त्यांनी वाली-सुग्रीवांच्या युद्धासारखे रामकथेतील प्रसंग ओळखले. नागपूर विद्यापीठाने 1967 मध्ये येथे उत्खननही केले. मात्र काही अभ्यासक प्रवरपूर रामटेकजवळच्या मनसरला मानतात. गावाचा अभिमान म्हणून हा मतभेद झाकू नका. दोन्ही बाजू मांडल्यात तर तुमच्या लेखनावर वाचकाचा विश्वास बसेल.

सर्वोदय वाचक
आश्रम आणि गाव असे दोन कप्पे करू नयेत, असे मला मनापासून वाटते. विनोबा 1938 मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी जमनालाल बजाज यांच्या नदीकाठच्या बंगल्यात राहायला आले. तिथल्या जमिनीत खणताना त्यांना राम आणि भरत यांच्या भेटीचे शिल्प मिळाले. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये गीतेवर बोलताना याच भेटीचे चित्र कोणी काढावे, असे ते म्हणाले होते. ती शिळा आज आश्रमातल्या मंदिरात आहे. वाकाटकांचा काळ आणि विनोबांचा काळ असे एकाच जमिनीत एकमेकांना लागून आहेत. त्यांची प्रकरणे वेगळी पाडलीत तर हा धागा तुटेल.

17 ऑक्टोबर 1940 रोजी वैयक्तिक सत्याग्रहातील पहिले भाषण विनोबांनी पवनारातच दिले. 25 मार्च 1959 रोजी येथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. तेथील भगिनी शेती, स्वयंपाक, सफाई आणि प्रकाशन ही कामे स्वतः करतात आणि सामूहिक निर्णय सर्वसंमतीने घेतात. गावाच्या सामाजिक जीवनाविषयी लिहिताना स्त्रियांनी एवढा काळ स्वतःच्या बळावर चालवलेल्या या संस्थेला दोन ओळींत गुंडाळू नका. गांधीजींच्या अस्थींचे 12 फेब्रुवारी 1948 रोजी धामेत विसर्जन झाले, आणि त्या दिवशी दरवर्षी सर्वोदय मेळा भरतो. त्या मेळ्यात गावातील कोण काय काम करीत असे, हे वृद्ध मंडळींना विचारा. ते पुस्तकांत मिळणार नाही.

काठावरचा
वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण ताईंनी विचारलेला गाव त्यांत अजून आलेला नाही. माझी सूचना अशी, की इतिहास राजांच्या क्रमाने न लिहिता नदीच्या काठाने लिहावा. पात्रातल्या काळ्या खडकावर गांधीजींच्या स्मरणार्थ उभारलेली छत्री पावसाळ्यात पुराच्या पाण्याने वेढली जाते. ढिवरांची जाळी कुठे पडत, धुणे कुठे चाले, गुरे कुठून उतरत, पोळ्याला बैल कोणत्या घाटावर धूत, भुलाबाई आणि गणपती कुठे बोळवीत, पूर आला की कोणत्या घरांपर्यंत पाणी येई, हे एकेक ठिकाण नकाशावर मांडा आणि प्रत्येकापुढे त्या ठिकाणची माणसे लिहा. डोंगा चालवणारा, कोळंबी धरणारी आणि नदीच्या वाळूत डांगरवाडी, म्हणजे खरबूज-टरबुजांची वाडी, लावणारा यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, वऱ्हाडीचे प्रमाण मराठी न करता, उतरवून घ्या.

आजचेही लिहा. वर्धा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा काही भाग पवनारहून उचलला जातो, आणि गणेशोत्सवानंतर त्याच शहरातील असंख्य मूर्ती याच पात्रात येतात. पाणी शहराला आणि गाळ गावाला, हा व्यवहार मला फार खुपतो. विसर्जनानंतर पात्र कोण साफ करते, याची नोंद तुमच्या पुस्तकात असलीच पाहिजे.

धामकाठ
आपणा सर्वांचे आभार. घाटांचा नकाशा आधी करायचा, असे आम्ही ठरवले आहे. प्रवरपुराविषयीचे दोन्ही पक्ष त्या त्या जागी येतीलच. पण लेखनाची सुरुवात ढिवरवस्तीतील सर्वांत वयस्क आजींपासून करू, कारण त्यांच्या आठवणी आत्ताच टिपून घ्यायला हव्यात. एक विनंती आहे: धामेच्या वरच्या अंगाला येळाकेळीच्या बाजूला राहणारे कोणी येथे असल्यास त्यांनी आपल्याकडील घाटांची नावे कळवावीत.