पोरगी पुस्तक न बघताच 'वाचते', काय करू?

शेंगाचटणी
नमस्कार. मुलगी पहिलीत आहे, सहा पूर्ण, मराठी माध्यम. घरात आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी सगळी खिचडी. बाराखडी धडाधडा म्हणते, पुस्तकातले पहिले चार धडे चालीवर वाचते, म्हणून मी खुशीत होतो. परवा रात्रपाळी नव्हती, समोर घेऊन बसलो. वाचता वाचता पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलं आणि हिचं मागच्याच पानावरचं चालू! म्हणजे पोरगी वाचलालीय म्हणून जे कौतुक चाललं होतं, ते सगळं पाठांतर. मधलाच एखादा शब्द बोटानं दाखवला तर पहिल्या ओळीपासून म्हणत येते आणि तिथं पोचली की सांगते.

शिकवणीला घातलंय, महिना पाचशे. तिथं एकेक अक्षर पानभर लिहून घेतात. अक्षर झकास आलंय, वाचनाचं मात्र तेच. बायको तेलुगू लिहिते-वाचते, मराठी अक्षरं तिला येत नाहीत. मी टॉवेल कारखान्यात, दिवसपाळी असली तरी घरी यायला नऊ होतात. काय करावं?

जुळेकर
टेन्शन घेऊ नका. मोबाईलवर अक्षरांची लै ॲप्स आहेत. आमचा मुलगा तास तास हलत नाही.

बालवाडीच्या बाई
अण्णा, आधी त्या पंख्याचे आभार माना. काही घरांत हे तिसरी-चौथीपर्यंत लक्षात येत नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागात ३१ वर्षं लहान पोरं शिकवली, दरवर्षी असे पाठ वाचणारे पाच-सहा तरी असायचेच. पोरीला रागवू नका. तिची आठवण पक्की आहे, तिनं तिच्या परीनं मार्ग काढला.

'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' हे गाणं आहे. 'काका' समोर आलं की पोरं मनात हे अख्खं गाणं दोनदा म्हणतात आणि त्यातून काका काही बाहेर येत नाहीत. काना, वेलांटी ही नावं सध्या खुंटीला टांगा. 'का' दाखवायचा, 'का' म्हणायचं, बस्स.

पहिले आठ दिवस पुस्तक काढूच नका. आईनं भाकरी थापता थापता विचारायचं, 'न'नं सुरू होणारं सांग. नाक चालेल, तुमचं तेलुगू नीळ्ळु (पाणी) पण चालेल. 'म'ला मका, मामिडी (आंबा). आवाज ओळखायला कुठलीही भाषा चालते, आणि हे काम तुमच्यापेक्षा घरच्या बाईच चांगलं करतील. एकदा वर्गात 'प' चालला होता. एक पोरगी 'पालु' म्हणाली तर मराठी पोरं भिंतीवर पाल शोधायला लागली. (पालु म्हणजे दूध, हे मलाही त्याच दिवशी कळलं.)

मग अक्षरं. क ख ग घ ङ या ओळीनं जाऊ नका, तो ङ पोरीला कुठल्या शब्दात भेटणार आहे? चारच घ्या: न, म, क, ल आणि जोडीला काना. एवढ्यात मामा, काका, नाक, कान, मान, लाल, काल, मका, नाका, कमान सगळं बसतं. मी फळ्यावर लिहायचे, 'काका, कान लाल!' ज्यांना वाचता आलं ती पोरं लगेच शेजारच्याच्या कानाकडं बघायची. बाकीची माझ्या तोंडाकडं.

यात एक गोम आहे. सुटी अक्षरं म्हणताना आपण क… म… ल… असा प्रत्येकातला 'अ' लांबवतो. बोलताना मधला, शेवटचा 'अ' कोण म्हणतं? तुमचंच नाव घ्या. चटणी लिहायला तीन अक्षरं, बोलायला चट्-णी, दोनच तुकडे. म्हणून हळू म्हणून झालं की सांगायचं, 'आता घाईत म्हण.' दोन-तीनदा घाई केली की शब्द जुळतो.

पुढची अक्षरं वळणावरून घ्या. र ला व चिकटवला की ख. ग, म, भ, न असेच एका घरातले. ताटात ज्वारीचं पीठ पसरून बोटानं काढू दे. पानभर गिरवण्यात तिसऱ्या ओळीनंतर हातच चालतो, पोरगी मनानं केव्हाच गल्लीत खेळायला गेलेली असते.

आणि रात्री नऊला आलात तरी पाच मिनिटं तुमची. कॅलेंडरच्या पाठीमागं तिचं एक वाक्य, ती बोलेल तसं, तुम्ही लिहायचं. 'पप्पा टॉवेल आणतात.' दुसऱ्या दिवशी तेच कापून शब्द सुटे करा आणि उलटसुलट लावून वाचायला द्या, म्हणजे पाठांतराची पळवाट बंद. अवघड अक्षर आलं तर येऊ दे. (टॉवेलातला ऑ शासनानं २००९ मध्ये वर्णमालेत घेतला, म्हणून तर बाराखडीची चौदाखडी झाली. सोलापूरला तो आधीपासूनच लागत होता.)

पहिलीच चाललीय, घाबरू नका. २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यातही समजून वाचायला तिसरीच्या शेवटापर्यंत वेळ धरलाय.

जुळेकर, मुलगा तासभर वाचत बसतो की फुगे फोडत, ते एकदा शेजारी बसून बघा.

माढेकर
पुस्तकातला क्यूआर कोड वापरा की. आमच्या तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना कोड जोडले, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. कविता लावायची आणि शब्दाखाली बोट फिरवायचं. बोट नसेल तर परत तुमचं पाठांतरच.

शेंगाचटणी
तीन आठवडे झाले. बाई, 'काका, कान लाल' वाचून पोरगी माझा कान ओढून गेली. शिकवणी बंद केली. आता ऱ्हस्व वेलांटीपाशी गाडी अडलीय. 'दिवा'ला 'इदवा' म्हणते, 'किती'ला 'इकती'. डोळ्यांत काही दोष नसेल ना?

बालवाडीच्या बाई
पुस्तक नाकाजवळ धरत असेल तर डोळे दाखवा, एरवी नाही. ती बरोबरच वाचतेय की! डावीकडून निघाली, आधी वेलांटी दिसली, आधी 'इ' म्हटलं. लिहायला आधी आणि म्हणायला नंतर, ही लिपीची खोड आहे. जुन्या लग्नपत्रिकेला चौकोनी भोक पाडा, 'दि' मावेल एवढं. शब्दावर ठेवून सरकवत न्यायचं. भोकात जे दिसेल ते एका दमात म्हणायचं, आधी 'दि', मग 'वा'.

शेंगाचटणी
जमलं, बाई. चार दिवसांत 'दिवा' दिवा झाला. आता भोक पाडायचं काम तिनं स्वतःकडं घेतलंय, घरात एक पत्रिका शाबूत नाही. त्यातली एक बायकोच्या मावसभावाची निघाली, लग्न अजून व्हायचंय. भोक बरोबर तारखेवर आहे. आता फोन करून विचारायचं तर काय कारण सांगू?