प्रतिसाद: शेजारी देशांचे धोरण आणि राज्ये

‘परराष्ट्र धोरण दिल्लीचं, राज्यांचा त्यात काय संबंध’ हे वर आलेलं म्हणणं कागदावर खरं आहे. घटनेच्या कलम २५३ प्रमाणे कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. पण २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले, बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी ऐनवेळी सोबत जायला नकार दिला आणि तीस्ता नदीच्या पाण्याचा बांगलादेशाशी व्हायचा करार तिथंच अडला. म्हणजे सीमेवरच्या राज्याला पाय रोवून करार अडवता येतो.

आपलं तसं नाही. मराठवाड्याला कुठल्याच देशाची सीमा नाही, पण शेजाऱ्याशी केलेला सौदा थेट आपल्या तुरीवर येतो. २०२१ मध्ये केंद्राने म्यानमारशी पाच वर्षांचा समझोता केला: दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. तिकडून येणाऱ्या तुरीला व्यापारी ‘लेमन’ म्हणतात. लातूरच्या आडत बाजारात तुरीचा भाव विचारा, आडत्या आधी मुंबई-चेन्नईचा लेमनचा दर बघतो, मग आपल्या पोत्यात हात घालतो. घटनेत शेती राज्य सूचीत म्हणजे राज्याकडे, परदेश व्यापार संघ सूचीत म्हणजे केंद्राकडे, त्यामुळे भाव पडला की मुंबईतलं राज्य सरकार दिल्लीकडे बोट दाखवून मोकळं! शहरातल्यांना डाळ स्वस्त मिळावी हेही रास्तच आहे, पण असा समझोता करताना तूर पिकवणाऱ्या राज्यांना आधी विचारायची सक्ती कुठंच नाही. बंगालसारखा अडवायचा जोर आपल्याकडं कुणी लावला असेल तर सांगा.