म्हातारपणी एनएए कमी दिसतं म्हणजे न्यूरॉन मेले का?

गोंधळलेला_न्यूरॉन:
सेमिनारसाठी निरोगी म्हाताऱ्या मेंदूवर वाचतोय, म्हणजे अल्झायमर वगैरे काही नसलेली माणसं, एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआय मशीनवरच मेंदूतली रसायनं मोजणं) केलेली. एका पेपरमधे एनएए (एन-असिटिल अ‍ॅस्पार्टेट, मेंदूतलं एक रसायन) आणि क्रिएटिन (दुसरं एक रसायन) यांचा रेशो सत्तरीतल्या लोकांत तरुणांपेक्षा कमी, दुसऱ्यात एनएए जवळपास तेवढंच पण मायो-इनोसिटॉल आणि कोलीन ही आणखी दोन रसायनं वाढलेली. एनएए म्हणजे न्यूरॉनचा मार्कर असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मग वयाबरोबर निरोगी माणसाचेही न्यूरॉन मरतात असं सरळ लिहून टाकू का? गाईडला विचारायची हिंमत होत नाहीये 😅

स्पेक्ट्रमवाली:
अजिबात लिहू नकोस. आधी छेदात काय बसलंय ते बघ. क्रिएटिन कायम तेवढंच राहतं असं धरून भागाकार करतात, पण वयाबरोबर क्रिएटिन वाढल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. छेद वाढला की एनएएला काहीही न होता रेशो खाली येणार, शाळेतलं गणित आहे. आणि एनएए खरंच कमी असलं तरी ते बनतं मायटोकाँड्रियात, त्यामुळे पेशी जिवंत आहे पण थकलीय असंही असू शकतं. डोक्याला हलका मार लागल्यावर घसरलेलं एनएए काही आठवड्यांनी परत वर आलेलं दिसतं, मेलेला न्यूरॉन थोडाच परत येतो.

छेद_अंश:
मग क्रिएटिन सोडा ना, मेंदूतल्याच पाण्याच्या सिग्नलशी तुलना करा, विषय संपला.

स्पेक्ट्रमवाली:
संपत नाही हो, तिथे दुसरंच झेंगट आहे. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो आणि त्या जागी सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाण्यासारखं द्रव) येतं, ज्यात एनएए जवळपास नसतंच. समजा पेशींमधे एनएए दोघांचंही १० मिलिमोलर आहे. तरुणाच्या व्हॉक्सेलमधे (मेंदूतला जो ठोकळा मोजतो तो) ५ टक्के सीएसएफ असेल तर सरासरी ९.५ येईल, म्हाताऱ्याच्या व्हॉक्सेलमधे २० टक्के असेल तर ८. पेशीत काडीचा फरक नाही आणि ग्राफवर मात्र मस्त उतार! रेशोत हा घोळ आपोआप कटतो कारण वरचं खालचं दोन्ही पातळ होतं, पण मग क्रिएटिनचं दुखणं उरतं. म्हणून टी१ इमेज (एमआरआयचा नेहमीचा फोटो) सेगमेंट करून व्हॉक्सेलमधे ग्रे मॅटर, व्हाइट मॅटर, सीएसएफ किती ते काढायचं आणि तसं करेक्शन करायचं. हे न केलेला एजिंगचा पेपर मी तरी सिरियसली घेत नाही.

गाबा_गाबा:
गाबाचीही (न्यूरॉनना शांत करणारं रसायन) तीच गत. त्याचा स्पेक्ट्रममधला ३ पीपीएमचा पीक क्रिएटिनच्या खाली दडलेला, मेगा-प्रेस नावाच्या स्कॅन पद्धतीने एडिट करून बाहेर काढावा लागतो, व्हॉक्सेल ३ बाय ३ बाय ३ सेंमी आणि साधारण १० मिनिटं मान न हलवता पडून राहायचं. एवढ्या मोठ्या ठोकळ्यात सीएसएफ येणारच, आणि टिश्यू करेक्शन केलं की वयाबरोबरची घट बरीच आटते.

साधा_वाचक:
मधेच विचारतो, आई हल्ली विसरते, एमआरआय करणारच आहोत तर हेही करून घ्यावं का?

स्पेक्ट्रमवाली:
फक्त विसरण्यासाठी नको. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत, निरोगी माणसांमधेच आकडे इतके पसरलेले असतात की एकट्याच्या आकड्यावरून काही ठरत नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, ते काय ते सांगतील.

गोंधळलेला_न्यूरॉन:
आत्ता मेथड्स उघडून बघितलं. पहिला पेपर टीई (सिग्नल मोजण्याआधीचा थांबा, मिलिसेकंदांत) १४४, नुसता रेशो. दुसरा टीई ३०, पाण्याचा रेफरन्स आणि सीएसएफ करेक्शन केलेलं. पहिल्याची स्लाइड काढून टाकू?

स्पेक्ट्रमवाली:
काढू नको रे, दोन्ही शेजारी शेजारी लाव. वयाबरोबर मेटाबोलाइट्सचा (म्हणजे या रसायनांचा) टी२ही, म्हणजे सिग्नल विरायला लागणारा वेळही, कमी होतो, त्यामुळे लांब टीईला म्हाताऱ्यांचा सिग्नल आधीच जास्त विरलेला असतो. आणि मायो-इनोसिटॉल १४४ ला धड दिसतच नाही, मग पहिल्या पेपरात ते वाढलेलं सापडणार कुठून? टीई मोठ्या अक्षरात लिही, पहिला प्रश्न त्यावरच येईल.