क्लिप बघून सिनेमाला गेलात का? अनुभव लिहा

गेल्या महिन्यात भाचीनं एका छोट्या मराठी सिनेमाची चाळीस सेकंदांची क्लिप दाखवली. त्या रात्री कोथरूडला शेवटच्या शोला एकटा गेलो. आत नऊ जण होते. पोस्टर, पेपरातली जाहिरात, काहीच माझ्या नजरेला पडलं नव्हतं. तुमचंही असं झालंय का? सविस्तर लिहा.

*सहायक संकलक, एरंडवणे*
टिकटॉक जून २०२० मध्ये बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आल्या. तेव्हापासून जाहिरातीला पैसे उरले नाहीत की निर्माता आमच्याकडे येतो, "दहा रील्स काढून दे." आडवी फ्रेम उभी करायची म्हणजे दोन्ही बाजू छाटायच्या. एका सिनेमात नवरा-बायको दोन टोकांना बसलेत, मध्ये रिकामा झोपाळा. सगळा प्रसंग त्या झोपाळ्यात आहे. उभ्या फ्रेममध्ये एकतर नवरा मावतो, नाहीतर बायको. शेवटी मी भांडणाचा सीन दिला. तो भरपूर फिरला. भांडणाचा सिनेमा म्हणून आलेली माणसं मध्यंतरात उठून गेली. त्या सिनेमावर माझ्या हातून अन्याय झाला, हे अजून सलतं.

*कर्वेनगर*
आमच्या हॉस्टेलच्या दिवसांत रील्स नव्हत्या, तरी कांती शाहांचा १९९८ चा ‘गुंडा’ तुकड्यातुकड्यांनीच कळला. यमकातले संवाद सगळ्यांना पाठ. अख्खा सिनेमा लावला तेव्हा गोष्टीकडे कुणाचं लक्षच नव्हतं, जो तो आपल्या आवडत्या संवादाची वाट बघत होता.

*एक आई, सहकारनगर*
२०१८ मध्ये ‘तुंबाड’ हा भयपट आला तेव्हा लेक आठवीत होती, म्हणून नेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि तिनंच मला नेलं. त्यातल्या आजीचे प्रसंग तिनं फोनवर कितीदा बघितले होते! तरी अंधारात माझा हात घट्ट धरून बसली. दुसऱ्या खेपेला त्यानं पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली, याचा मला मनापासून आनंद आहे.

*हौशी नट, भोर*
एका सिनेमात मी बापाचं काम केलंय. शुक्रवारी लागला, गुरुवारी उतरला. माझ्या सीनची क्लिप पळायला लागली तिसऱ्या आठवड्यात. सिंहगड रोडला टपरीवर चहा घेत होतो, एका पोरानं ओळखलं, माझाच संवाद मला म्हणून दाखवला. डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "काका, कुठं लागलाय? रविवारी घरच्यांना घेऊन जातो." पुण्यात तेव्हा एकाही पडद्यावर आमचा सिनेमा नव्हता. त्यानं नाव मात्र फोनमध्ये लिहून घेतलं.